जुन्या स्कूटर्सचं म्युझियम बघायला जाताय? मग वाकायची तयारी ठेवा

पहिल्यांदा असल्या म्युझियममध्ये गेलो तेव्हा पाऊण तासात सगळं उरकून बाहेर आलो होतो, आणि बाहेर येऊन आठवायला लागलो तर डोक्यात नुसते रंग. एक पिस्त्यासारखी हिरवी होती, एक लाल होती, एक बहुतेक दोन रंगांची. फोनमध्ये दीडशे फोटो, सगळे समोरून काढलेले, सगळे एकसारखे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा बरोबर एक मित्र होता ज्याने आयुष्यभर स्कूटरच चालवली आणि स्वतःच दुरुस्तही केली, तो पहिल्याच गाडीशी उकिडवा बसला आणि पंधरा मिनिटं उठलाच नाही. मला आधी लाज वाटत होती, मग मीपण खाली बसलो. तेव्हा कळलं की मी आधी काहीच बघितलं नव्हतं.

कारण साधं आहे. मोटरसायकल सगळं उघडं टाकून उभी असते, इंजिन, चेन, टाकी, सगळं समोर दिसतं. स्कूटर हे मुद्दाम झाकलेलं यंत्र आहे. कपड्यांना ऑइल लागू नये, पाय वर न टाकता बसता यावं, म्हणून बनवणाऱ्यांनी सगळी करामत पत्र्याखाली ढकलली. त्यामुळे उभं राहून बघितलं तर फक्त पत्रा आणि रंग दिसतो, जे बघायचं ते खालून, मागून आणि बाजूच्या फटीतून. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे, बाकी सगळं त्याच्या पुढचं.

जायच्या आधीची तयारी फार नाही. यातली बरीच म्युझियम्स खाजगी असतात, कुणीतरी आयुष्यभर जमवलेला संग्रह असतो आणि तो ठरावीक दिवशीच किंवा आधी कळवलं तरच उघडतो, त्यामुळे वेळ बघून, फोन करून जा, बंद दारासमोर उभं राहण्यात काही मजा नाही. फोन केलाच आहे तर विचारून घ्या की गाड्या चालू करून दाखवायचा काही दिवस असतो का. असेल तर सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी जा. कपडे असे घाला की गुडघ्यावर बसता येईल, आणि बेल्टचं मोठं बक्कल, लोंबणारी सॅक, गळ्यात झुलणारा कॅमेरा हे टाळा. वाकल्यावर हेच सगळं जाऊन पन्नास-साठ वर्षांच्या पेंटवर घासतं आणि मग तुमच्याकडे सगळा हॉल बघतो. खिशात एक छोटा टॉर्च ठेवा पण वापरण्याआधी विचारा. आणि वेळ निदान दोन तास काढा.

आत गेल्यावर लगेच पहिल्या गाडीशी थांबू नका. एक चक्कर नुसती मारा, हात मागे बांधून, पाट्या न वाचता, फोटो न काढता. बघायचं एवढंच की गाड्या कशा लावल्यात, सालाप्रमाणे, देशाप्रमाणे की कंपनीप्रमाणे. मग त्यातल्या पाच किंवा सहा गाड्या निवडा आणि फक्त त्याच नीट बघा, बाकीच्यांना नमस्कार करून पुढे. शंभर गाड्या नीट बघणं कुणालाच जमत नाही, चाळीसाव्या गाडीनंतर डोळे नुसते सरकत राहतात.

कुठल्या पाच निवडायच्या? मी सांगतो मी काय शोधतो ते, तुम्ही तुमच्या हिशोबाने बदला.

एक म्हणजे सगळ्यात जुनी. नशीब असेल तर तिथे ऑटोपेड असेल, १९१५ च्या सुमाराची अमेरिकन गाडी, जिला सीटच नाही, लहान मुलांच्या पायाने ढकलायच्या स्कूटरसारखी उभं राहून चालवायची. इंजिन पुढच्या चाकावर, आणि हँडलचा दांडा पुढे ढकलला की क्लच लागणार, मागे ओढला की ब्रेक. म्हणजे माणूस घाबरून मागे झुकला की गाडी आपोआप थांबणार, डोकं बघा. दांडा दुमडून गाडी उचलूनही नेता यायची. ही बघताना दांड्याच्या खालच्या सांध्याकडे बघा, सगळी गंमत तिथे आहे. १९३० च्या दशकातल्या साल्सबरी किंवा कुशमन या अमेरिकन कंपन्यांच्या गाड्या असतील तर त्याही बघा, स्कूटर ही इटलीने शोधून काढली असा जो सरसकट समज आहे तो तिथल्या तिथे मोडतो. साल्सबरीने १९३७ मध्येच गिअर न टाकता चालणारी गाडी काढली होती, आणि १९४७ च्या त्यांच्या मॉडेल ८५ ला तर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक कारसारखे पायात होते. कुशमनचीच एक बिनपत्र्याची, नुसत्या लोखंडी सांगाड्यासारखी दिसणारी गाडी असते, मॉडेल ५३, ती दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने विमानातून खाली टाकायला बनवलेली. तिचा सांगाडा बघून घ्या, दणका खायच्या तयारीनेच बनवलेला आहे.

मग विमानवाल्यांच्या गाड्या. हे मला सगळ्यात आवडतं आणि पाटीवर हे एका ओळीत उरकलेलं असतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. महायुद्ध संपलं आणि हरलेल्या देशांतल्या विमान कंपन्यांकडे कारखाना होता, कारागीर होते, पत्रा वाकवायचं कसब होतं, फक्त विमानं बनवायची बंद झाली होती. लोकांकडे कार घ्यायला पैसे नव्हते, रस्ते फुटलेले. त्यातून स्कूटर आली, आणि ती एकाच जागी आली नाही. इटलीत पियाजिओ, जी बॉम्बर विमानं बनवायची, तिने १९४६ मध्ये व्हेस्पा काढली. जपानमध्ये नाकाजिमा या विमान कंपनीचं युद्धानंतर फुजी सांग्यो झालं आणि तिने त्याच साली रॅबिट काढली, तिच्या सुरुवातीच्या गाडीला चाकं लावली ती गिंगा नावाच्या बॉम्बरची शेपटीकडची शिल्लक राहिलेली चाकं. मित्सुबिशीची सिल्व्हर पिजनपण १९४६ चीच. जर्मनीत हाइनकेलने १९५३ मध्ये टुरिस्ट काढली. यातल्या कुठल्याही दोन गाड्या एका हॉलमध्ये असल्या तर एकीकडून दुसरीकडे चकरा मारा, आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा, तुझ्यात विमानाचं काय राहिलंय?

व्हेस्पाच्या बाबतीत उत्तर पुढच्या चाकात आहे. खाली बसून बघा, चाक दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये, म्हणजे दोन पायांच्या चिमट्यात, धरलेलं नाहीये, एकाच बाजूने धरलंय, विमानाच्या चाकासारखं. डिझाइन करणारे कोराडिनो दास्कानिओ हे मुळात हेलिकॉप्टरवाले इंजिनिअर, त्यांना मोटरसायकल अजिबात आवडायची नाही, पंक्चर झालं की चाक काढणं म्हणजे वैताग, चेनचं ऑइल पँटला, बसायला अवघड. मग एका बाजूने धरलेलं चाक केलं म्हणजे नट काढून कारसारखं चाक बदलता येतं, चेनच ठेवली नाही, इंजिन थेट मागच्या चाकाशी लावलं, आणि गिअर पायातून काढून हँडलवर आणला. दुसरं विमानाचं काय, तर आत सांगाडाच नाही. पत्रा हाच सांगाडा. वाकून फूटबोर्डच्या खाली बघा, नळीची फ्रेम शोधा, सापडणार नाही.

आता लगेच उठून लँब्रेटाकडे जा, ही इटलीचीच दुसरी नावाजलेली स्कूटर, प्रत्येक म्युझियममध्ये एक तरी असतेच. तशीच झुकून बघा. इथे पत्र्याच्या आत जाड नळीची फ्रेम आहे, पत्रा नुसता कपड्यासारखा वर घातलाय. मिलानच्या लँब्राते भागातला इनोचेंतीचा कारखाना पाइप बनवण्यात मुरलेला, त्यांनी पाइपची स्कूटर केली, पियाजिओ विमानवाले, त्यांनी पत्र्याची केली. ज्याच्या हाताला जे येत होतं ते त्याने केलं, इतकं सरळ आहे हे. मग दोन्हींच्या मागे जाऊन उभे राहा. व्हेस्पाचं इंजिन उजव्या बाजूला लटकतं, त्या बाजूच्या फुगवट्याला हवेसाठी फटी दिसतील, लँब्रेटाचं मधोमध. व्हेस्पा चालवलेल्या माणसाला विचारा, हात सोडले की गाडी एका बाजूला ओढते, त्याचं कारण इथे डोळ्याने दिसतं.

लँब्रेटामध्ये शोधायची आणखी एक जोडी सांगतो, कारण ती या सगळ्या विषयाचं मूळ आहे. १९५० मध्ये कंपनीने एकच गाडी दोन रूपात काढली, सी आणि एलसी. सी उघडी, इंजिन बाहेर. एलसी तीच, पण अंगभर पत्रा. झाकल्यावर इंजिनला वारा लागेना म्हणून आत पंखा बसवावा लागला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असल्या तर तुम्हाला स्कूटर झाकली जाण्याचा क्षणच बघायला मिळतो. बहुतेक लोक सी कडे बघतही नाहीत कारण ती ओबडधोबड दिसते. तुम्ही तिच्याकडे आधी बघा, एलसीच्या पोटात काय आहे ते सी सांगते.

पाटी न वाचता साल ओळखायचा खेळ खेळायचा असेल तर काही खुणा आहेत. व्हेस्पाचा हेडलाइट पुढच्या मडगार्डवर असेल तर ती साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, नंतर लाइट वर हँडलवर चढला (दोन्ही प्रकार काही वर्षं बरोबरच निघत होते, म्हणून पैज लावू नका). गिअरच्या वायरी दिसण्याऐवजी हँडलपासून खाली लांब दांडी गेलेली दिसली तर अगदी सुरुवातीच्या वर्षांतली. सीट एकट्यापुरती, सायकलसारखी स्प्रिंगवाली की लांब दोघांची, चाक ८ इंची की १० इंची, हेही बघायचं. १९४६ ची पहिली व्हेस्पा ९८ सीसीची, तीन गिअरची, जेमतेम ६० च्या वेगाची, आणि १९५५ ची जीएस १५० सीसीची, चार गिअरची, १० इंची चाकांची, १०० ला पोचणारी. नऊ वर्षांचा फरक. दोघींची ब्रेक आणि चाकं बघितली की वेग किती वाढला ते पत्रक न वाचता कळतं. लँब्रेटाची १९६२ ची टीव्ही १७५ असेल तर तिच्या पुढच्या चाकात डिस्क ब्रेक आहे, त्या काळात कारखान्यातून डिस्क लावून येणारी दुचाकी म्हणजे अप्रूपच होतं, पण ती डिस्कही हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, आत झाकलेली, बाहेरून दिसत नाही. झाकायची खोड जात नाही यांची.

आता खरी आणि नवी केलेली यातला फरक. इथे मी जरा पक्षपाती आहे आधीच सांगतो. हॉलमध्ये सगळ्यात जास्त गर्दी सगळ्यात चकचकीत गाडीभोवती असते आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात कमी बघण्यासारखी असते. पूर्ण उघडून, घासून, आरशासारखा रंग मारून, नवीन क्रोम चढवून उभी केलेली गाडी कारखान्यातून कधीच इतकी गुळगुळीत निघाली नव्हती. ओळखायचं कसं? पत्र्याच्या कडा आणि जोड बघा, वेल्डिंगचे बारीक ठिपके दिसायला हवेत, तिथे सगळं सपाट असेल तर खाली पुट्टी भरलीये. नट बोल्ट बघा, पन्नासच्या दशकातल्या गाडीला आत्ताच्या ॲलन कीने उघडायचे बोल्ट असतील तर बदललेत. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, १२२३ म्हणजे २०२३ सालच्या बाराव्या आठवड्यातला टायर, यात फसवणूक काही नाही, टायर सगळेच बदलतात, पण गाडीवर कधी काम झालं त्याचा अंदाज येतो.

याउलट जी गाडी जरा मळकी, रंग उडालेली, कोपऱ्यात ढकललेली असते तिच्याकडे जा. फूटबोर्डचं रबर कुठे झिजलंय बघा, ब्रेक पेडल उजव्या पायाशी असतं, तिथेच टाच घासून रंग गेलेला असतो. किक घासून घासून गुळगुळीत झालेली असते. डाव्या हाताची मूठ, जिच्यावर क्लचही आणि गिअरही, ती उजव्यापेक्षा वेगळी झिजलेली दिसते. पेट्रोल टाकीच्या झाकणाभोवती ऑइलचे पिवळट ओघळ असतात, कारण टू स्ट्रोक इंजिनला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायला लागायचं, जुन्या गाड्यांना लिटरला ५० मिली म्हणजे ५ टक्के, आणि ओतताना ते सांडायचंच. ही गाडी कुणीतरी रोज वापरली हे तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. पुन्हा रंगवली की ते सगळं पुसलं जातं, एकदाच मिळतं ते.

चमत्कारिक गाड्या प्रत्येक ठिकाणी एक दोन असतातच, आणि त्यांच्याभोवती थापाही असतात. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे तोफ बसवलेली व्हेस्पा, टीएपी, १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये पॅराट्रूपर्ससाठी बनवलेली, मधून ७५ मिलीमीटरची नळी आरपार गेलेली. लोक फोटो काढतात आणि पोरांना सांगतात की सैनिक पळत्या स्कूटरवरून तोफ डागायचे. तसं नाहीये, ती फक्त वाहून न्यायची सोय होती, मुक्कामाला पोचल्यावर तोफ उतरवून तिवईवर ठेवून मारायची, आणि तोफगोळे दुसऱ्या स्कूटरवर यायचे. चेकोस्लोव्हाकियाची चेझेटा असेल तर लांबूनच ओळखाल, टॉर्पेडोसारखी लांबलचक, पेट्रोलची टाकी चक्क पुढच्या चाकाच्या वर. सोव्हिएत व्याट्का दिसली तर तिला इटालियन व्हेस्पा १५० जीएसच्या शेजारी ठेवून बघा, म्हणजे मनातल्या मनात ठेवा, ढकलू नका. १९५७ पासून लायसन्स न घेता केलेली नक्कल आहे ती, आणि नक्कल कुठे कुठे चुकलीये किंवा मुद्दाम जाड केलीये हे शोधण्यात अर्धा तास छान जातो.

इटलीत जाणं झालंच तर पोंतेदेराला पियाजिओचं म्युझियम आहे, पिसा ते फ्लोरेन्स रेल्वेवर मध्येच लागतं, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. २००० साली कारखान्याच्या जुन्या अवजारं बनवायच्या शेडमध्येच ते उघडलं. तिथे एक गाडी चुकवू नका, एमपी५, टोपणनाव पापेरीनो, म्हणजे इटालियनमधला डोनाल्ड डक. ही व्हेस्पाच्या आधीचा प्रयत्न. तिच्या समोर उभं राहून नुसतं मनात तिच्यावर बसायचा प्रयत्न करा, मधे उंच उंचवटा आहे, पाय आरपार जात नाही. कंपनीच्या प्रमुखाला, एनरिको पियाजिओला, ती पसंत पडली नाही, मग दास्कानिओंनी तो उंचवटाच काढून टाकला आणि व्हेस्पा झाली. नापास झालेली गाडी पास झालेलीच्या जवळ बघायला मिळणं हे फार कमी ठिकाणी होतं. १९५१ मध्ये तासाला १७१ किमीचा विक्रम केलेली १२५ सीसीची टॉर्पेडोसारखी व्हेस्पापण तिथे आहे. त्याच वर्षी लँब्रेटावाल्यांनी २०१ किमी करून दाखवले आणि मग दोघंही गप्प बसले.

हात लावायचा का? नाही. विचारल्याशिवाय नाहीच, आणि बसायचं तर अजिबात नाही. स्टँडवर उभी असलेली जुनी स्कूटर वाटते तेवढी घट्ट नसते, सीटवर हात टेकवून वाकलात की पुढे सरकते. पोरं बरोबर असतील तर आधीच काम देऊन ठेवा, सगळ्यात लहान चाक शोध, स्टेपनी कुठे कुठे लपवलीये ते मोज (फूटबोर्डवर उभी, मागे लटकलेली, डाव्या फुगवट्याच्या आत), म्हणजे हॉर्न दाबायचं सुचत नाही.

फोटोसाठी फोन गुडघ्याच्या उंचीवर धरा, वरून काढलेली स्कूटर नेहमी खेळण्यासारखी दिसते. फ्लॅश बंद, क्रोममध्ये तुम्हीच दिसता नाहीतर. आणि एका गाडीचे चारच फोटो, मागून, उजवीकडून, पुढचं चाक जवळून, आणि पाटी. पाटीचा फोटो नसेल तर घरी येऊन काहीही कळत नाही कुठली कुठली होती ते.

आणि तिथे जो कुणी माणूस खुर्चीत बसलेला असेल, पुसायचं फडकं हातात असलेला, त्याच्याशी बोला. "ही सगळ्यात महाग कुठली" असलं विचारू नका, तो दिवसातून वीस वेळा ऐकतो. विचारा की यातली चालू करायला सगळ्यात नाठाळ कुठली. मग तो उठेल. प्लग ओला होतो का, पॉइंट कधी साफ केले, सहा व्होल्टचा दिवा गाडी हळू केली की कसा मंद होतो आणि रेस दिली की कसा पेटतो, हे सगळं तो हातवारे करून सांगेल, आणि जमलं तर बाजूचं झाकण उघडून आत दाखवेल. ते झाकण उघडलं गेलं की तुमचा फेरा वसूल.

चालू करून दाखवत असतील तर गाडीच्या मागे उभे राहू नका, बाजूला राहा आणि दार जिथे उघडं आहे तिकडे. पहिल्या दोन तीन किकला नुसता फस्स आवाज येतो, मग एकदम पेटते आणि सायलेन्सरमधून निळा धूर हॉलभर. धुतलेला चांगला शर्ट त्या दिवशी घालू नका, संध्याकाळपर्यंत जळक्या टू स्ट्रोक ऑइलचा वास जात नाही.